दोष पेनड्राइव्हचा आणि शिव्या लिनक्सला

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पुरवणीतला गॅजेट्सवरचा लेख वाचला. काही पेनड्राइव्ह आणि एक्स्टर्नल डिस्क विंडोजवर नीट चालतात पण लिनक्स या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर अडकतात, म्हणजे गडबड लिनक्समध्येच आहे, असा एकूण सूर होता. हे अर्धंच खरंय, आणि अर्धं खरं जास्त पसरतं म्हणून हे पत्र.

लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे त्याच्या गाभ्यात, यूएसबी स्टोरेजचा जो ड्रायव्हर (असे ड्राइव्ह चालवणारा प्रोग्रॅम) आहे त्यात 'अनयुज्वल डेव्हज' नावाची एक फाइल आहे. नाव सभ्य आहे, पण खरं तर ती खोडकर मुलांची हजेरी आहे! प्रत्येक नोंदीत कंपनीचा नंबर, प्रॉडक्टचा नंबर, फर्मवेअरची (ड्राइव्हच्या आतल्या प्रोग्रॅमची) व्हर्जन कुठून कुठपर्यंत, आणि पुढे या पोराला कसं सांभाळायचं ते. व्हर्जनची मर्यादा अशासाठी की कंपनीने पुढे चूक सुधारली तर नव्या मालाला उगाच शिक्षा नको. पण कित्येक नोंदींत वरची मर्यादा सरळ 9999 टाकलेली दिसते, म्हणजे सुधारतील अशी आशा कोणी धरलेलीच नाही.

आता खोड्या काय असतात ते बघा. कॉम्प्युटर ड्राइव्हला विचारतो की तुझ्या शेवटच्या सेक्टरचा, म्हणजे डेटा ठेवायच्या शेवटच्या कप्प्याचा, नंबर काय. मोजणी शून्यापासून असते, म्हणजे 1000 सेक्टर असतील तर उत्तर 999 यायला पाहिजे, पण काही ड्राइव्ह 1000 सांगतात, शेवटच्या घराचा नंबर विचारला तर एकूण घरं किती ते सांगावं तसं. मग ऑपरेटिंग सिस्टिम त्या नसलेल्या घराची कडी वाजवायला जाते आणि ड्राइव्ह हँग होतो. जीपीटी पार्टिशन टेबलची, म्हणजे डिस्कचे भाग कुठे सुरू होतात आणि कुठे संपतात त्या यादीची, दुसरी कॉपी डिस्कच्या टोकाला असते आणि तिचा हेडर अगदी शेवटच्या सेक्टरमध्ये, त्यामुळे तिथे डोकावायची वेळ येतेच. यावर कर्नलमधला उपाय म्हणजे त्या ठरावीक मॉडेलने सांगितलेल्या आकड्यातून एक वजा करायचा. आणि एक अंदाजपंचे फ्लॅगही (नोंदीत लिहायची खास सूचना) आहे, सेक्टरची एकूण संख्या विषम आली तर एक कमी कर, कारण खऱ्या ड्राइव्हमध्ये ती बहुतेक वेळा समच असते. मला हा जुगाड वाचून हसू आलं होतं, पण चालतो!

दुसरी खोडी पावतीची. प्रत्येक कामानंतर ड्राइव्हने 13 बाइटची एक पावती द्यायची असते, त्यात किती डेटा द्यायचा राहिला तेही लिहायचं असतं. काही महाभाग सगळा डेटा नीट देतात आणि पावतीवर काहीतरी भलताच आकडा टाकतात, मग कर्नलला सांगावं लागतं की याच्या या आकड्याकडे लक्षच देऊ नको. काहींना एका वेळी 64 सेक्टरपेक्षा जास्त मागितलं की झेपत नाही, आणि काही चिप्सना कमांड दिल्यावर डेटा सुरू करायच्या आधी 125 मायक्रोसेकंद दम खाऊ द्यावा लागतो.

मग विंडोजवर हे सगळं कसं चालतं? कारण कंपन्या टेस्टिंग विंडोजवर करतात आणि तिथे चाललं की माल बाहेर. स्टँडर्डमध्ये काय लिहिलंय ते राहतं बाजूला. म्हणून लिनक्सवाल्यांनी शेवटी विंडोज जसं बोलतं तसंच बोलायचं ठरवलं, ओळख विचारताना पहिल्यांदा 36 बाइटच मागायचे, मोडची (डिस्कच्या सेटिंगची) माहिती मागताना 192, कारण विंडोज तेवढेच मागतं आणि वेगळा आकडा दिला की काही डिस्क गोंधळतात.

माझा स्वतःचा अनुभव सांगतो. एका कंपनीची एक्स्टर्नल डिस्कची केस, म्हणजे डिस्क बसवायचा डबा, घेतली होती, मोठी फाइल कॉपी करायला लावली की मध्येच सगळं ठप्प, लॉगमध्ये रीसेटच्या ओळीच ओळी. मी आधी केबल बदलली, मग पोर्ट बदलला, मग डिस्कच गेली म्हणून डोक्याला हात लावून बसलो. शेवटी कळलं की केसमधली चिप यूएएस येतं म्हणून सांगते, म्हणजे एकावर एक कमांड रांगेत घ्यायची नवी पद्धत, पण लोड आला की तिला ते जमत नाही. बूटच्या ओळीत (कॉम्प्युटर सुरू होताना कर्नलला दिलेल्या सूचनांत) यूएसबी-स्टोरेजच्या 'क्वर्क्स' पॅरामीटरला डिस्कचा आयडी आणि पुढे 'यू' हे एक अक्षर दिलं, म्हणजे यूएएस वापरू नको असं सांगितलं, रीबूट केलं, आणि तेव्हापासून एकदाही अडकली नाही. स्पीड थोडा कमी झाला हे मान्य, जुन्या पद्धतीत एका वेळी एकच कमांड जाते.

लेखकाचं एक मात्र बरोबर आहे, साध्या माणसाने हे सगळं का करावं? करूच नये. पण मग ज्याला जमतं त्याने आपल्यापुरतं अक्षर टाकून गप्प न बसता आयडी आणि लॉग कर्नलवाल्यांना कळवावा, एकदा यादीत नोंद झाली की पुढच्या माणसाला काही करावं लागत नाही. आणि हो, खोटी साइज दाखवणारे बनावट पेनड्राइव्ह ही वेगळीच भानगड, त्यांना कुठलाच फ्लॅग वाचवू शकत नाही, आतमध्ये मेमरीच नसते तर कर्नल आणणार कुठून.

तुमच्या लेखकांना एवढीच विनंती की पुढच्या वेळी डिस्कचं परीक्षण लिहिताना ती लिनक्सलाही एकदा लावून मोठी फाइल कॉपी करून बघा, आणि अडकली तर आतल्या चिपचं नाव छापा.

आपला,
एक नियमित वाचक