कोपानच्या गाइडकाकांना, आईकडून आणि माझ्याकडून

गाइडकाका, नमस्कार.

पत्र मराठीत लिहितेय, तुम्हाला वाचता येणार नाही माहितीये, स्पॅनिश करून पाठवतेच आहे, पण आधी मराठीत कारण आईला वाचून दाखवायचंय आणि आपल्या लोकांनाही कळू दे की होंडुरासमधल्या कोपानला, माया लोकांच्या जुन्या शहराच्या अवशेषांत, एका माणसाने आमच्यासाठी काय केलं.

तुम्हाला आठवत असेल, गेटवर तुम्ही आईला चार पावलं चालताना बघितलंत आणि तिच्या गुडघ्यांचं काही न विचारता मला म्हणालात, देवळं मागून बघू, आधी घरं बघायला जाऊ. मी खरं सांगते, मला जरा वाईट वाटलं होतं. एवढ्या लांब यायचं ते हायरोग्लिफिक जिना बघायला, माया लोकांचा सगळ्यात मोठा ज्ञात शिलालेख, दोन हजारांहून जास्त ग्लिफ, म्हणजे चित्राक्षरं, आणि हे आपल्याला घरं दाखवणार? पण आईसाठी हो म्हटलं.

लास सेपुल्तुरास. मुख्य देवळांपासून साधारण किलोमीटरभर लांब, एकदम सपाट, आणि मधे माया लोकांचाच जुना रस्ता, साकबे, म्हणजे पांढरा रस्ता. आई पहिल्याच अंगणात थांबली आणि म्हणाली अगं हे तर जोतं आहे! आणि खरंच की, मधे चौक, चारी बाजूंनी दगडी जोती, प्रत्येकाला दोन-चार पायऱ्या, वर खोल्या, खोलीत बसायला-झोपायला दगडी कट्टा. श्रीमंतांच्या खोल्या दगडी, दगड एकावर एक थोडे थोडे पुढे सरकवत वर नेऊन जुळवलेले, आणि साध्या माणसांची घरं कुडाच्या भिंतींची, मातीने लिंपलेली, वर गवताचं छप्पर. मी 'बाहारेके' ऐकून गोंधळले होते, तुम्ही हाताने काटक्या विणून वर माती थापून दाखवलीत तेव्हा आईच म्हणाली, कूड! तिचं लहानपण वाईच्या वाड्यात गेलंय पण गडीमाणसांची घरं कुडाचीच होती ना. मग तो दळायचा दगड, मेताते, आईने बघितला आणि पाटाच म्हणाली, आणि मका चुन्याच्या पाण्यात शिजवून मग वाटतात म्हटल्यावर तिने तीनदा विचारलं, चुना? पानाला लावतो तो? तुम्ही तिन्ही वेळा न कंटाळता हो म्हणालात.

लेखनिकांच्या घरापाशी तर आपण तासभर होतो. राजाच्या दरबारातला मोठा माणूस, बाहेरच्या भिंतीवर शंखाची दौत धरलेले लेखनिक कोरलेले. आणि तिथे तुम्ही सांगितलंत की या जागेचं नाव सेपुल्तुरास, म्हणजे थडगी, असं का, कारण खणलं तेव्हा घरोघरी जमिनीखाली, अंगणाखाली माणसं पुरलेली सापडली, म्हणजे घरातलेच आजे-पणजे. वर मुलं-नातवंडं राहतायत, स्वयंपाक चाललाय, आणि खाली म्हातारी माणसं आहेतच. आईने हे ऐकलं आणि चप्पल काढून हातात घेतली. तुम्ही काही बोलला नाहीत, फक्त डोक्यावरची टोपी काढलीत. काका, त्याबद्दल मी किती आभार मानू मला कळत नाही.

दुपारी देवळांकडे गेलो तेव्हा मला सगळं वेगळंच दिसायला लागलं, आणि ते सकाळच्या त्या घरांमुळे, याची मला खात्री आहे. तो चौकोनी दगड, आल्तार क्यू, चारी बाजूंना चार-चार मिळून 16 राजे बसलेत आणि पहिला राजा सोळाव्याच्या हातात सत्ता देतोय. पहिला याश कुक मो, 426 साली राजा झाला, सोळाव्याने हा दगड 776 मध्ये बसवला, म्हणजे मधे 350 वर्षं! आणि त्या दगडामागचं जे उंच देऊळ, त्याच्या पोटात अजून देवळं, 1989 मध्ये सापडलेलं रोसालीला तर लाल रंगासकट अख्खं पुरून ठेवलेलं, आणि सगळ्यात तळाशी एक छोटीशी वास्तू, उनाल, तिच्या जमिनीखाली एक थडगं, बहुतेक त्या पहिल्या राजाचंच. मी पटकन म्हटलं, म्हणजे हेही घरच झालं ना, आजोबा खाली आणि वर पिढ्यान् पिढ्या चढवलेलं? तुम्ही हसलात आणि सांगितलंत की त्यांच्या लेखांत देवळाला शब्दच घर असा आहे, ओतोत. आधी देवळं बघितली असती तर मी फोटो काढून निघून आले असते काका.

जिना पण बघितला, खालून. तेराव्या राजाला 738 मध्ये शेजारच्या किरिग्वाच्या राजाने पकडून मारलं, आणि पंधराव्याने पुढे तो जिना पूर्ण करून घराण्याची सगळी कथा दगडात लिहून काढली, हे तुम्ही इतकं हळू सांगितलंत की आईला मी शब्द न शब्द मराठीत सांगू शकले. वरच्या बऱ्याच पायऱ्या कोसळलेल्या, 1930 च्या दशकात परत बसवताना दगडांचा क्रम लागला नाही, हे ऐकून आई हळहळली. तिला तुम्ही झाडाच्या सावलीत बसवून पाणी दिलंत, मकाव पक्षी दाखवलेत, आणि मला एकटीला वर नदीच्या बाजूला नेऊन आणलंत, जिथे नदीने टेकाडच कापून आतले जुने थर उघडे पाडलेत. परत आलो तेव्हा आई तुम्ही दिलेल्या कागदावर त्या अंगणाचा नकाशा काढत बसली होती.

तो नकाशा आता तिच्या देवघराशेजारी लावलाय. आमचा वाईचा वाडा कधीच पडला, जोतं तेवढं आहे, मधल्या चौकात तुळशीचं वृंदावन अजून उभं आहे. गेल्या महिन्यात ती मुद्दाम जाऊन त्याचा फोटो काढून आली, तुमच्यासाठी. सोबत पाठवतेय, बघा.

तुमची,
चप्पल हातात घेऊन चालणाऱ्या आजींची लेक