लेझरच्या आधी उन्हाचं कोणी विचारलंच नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत अर्धं पान जाहिरात आली होती, लग्नसराई स्पेशल, केस काढायचं फुल बॉडी लेझर, दुखत नाही, साइड इफेक्ट शून्य. ती वाचून लिहायला बसले कारण गेल्या वर्षी अशाच एका ऑफरला मी भुललेली. सेंटरचं नाव सांगत नाही, भांडण त्या एका दुकानाशी नाहीच, अशी आता गंगापूर रोडपासून सिडकोपर्यंत कितीतरी आहेत.

माझं लग्न वैशाखात होतं आणि मी रोज इंदिरानगरहून अंबडला कंपनीत स्कूटीवर जाते, म्हणजे हात कायम उन्हात. त्यात रंगपंचमीला अख्खा दिवस जुन्या नाशकात रहाडीपाशी म्हणजे रंगाच्या हौदापाशी, पाणी कमी ऊन जास्त, आणि चौथ्या दिवशी हाताच्या लेझरची अपॉइंटमेंट. तिथल्या मुलीने फॉर्मवर सही घेतली, पैसे घेतले, पण उन्हात होतीस का, काही गोळ्या चालू आहेत का, आधी छोट्या जागेवर ट्रायल घेऊ का, काही काही नाही. मशीन सुरू झालं तसं चटके बसायला लागले, मी म्हटलं अगं भाजतंय, तर म्हणे थोडं भाजणारच ताई, त्याशिवाय रिझल्ट कसा येणार. मीही गप्प बसले, घासाघीस करून पैसे कमी केलेले ना, मग बोलायची चोरी. रात्री दोन्ही हातांवर लाल चौकोन उठले, ओळीने, कोणी रबरी शिक्के मारावेत तसे. दोन दिवसांनी फोड, मग खपल्या, मग काळे डाग.

असं का झालं ते नंतर त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी समजावलं. लेझरचा प्रकाश काळ्या रंगद्रव्याला म्हणजे मेलॅनिनला शोधत जातो, केसाच्या मुळाशी ते असतं म्हणून मूळ तापून मरतं. पण आपल्या सावळ्या-गव्हाळ कातडीत मेलॅनिन वरच्या थरातही भरपूर असतं आणि टॅन झालं की अजून वाढतं, त्यामुळे लेझर वरच अडकतो आणि केसाच्या आधी कातडी भाजते. म्हणून आधी आणि नंतर काही आठवडे ऊन टाळायचं असतं. मशीनचंही तसंच, ७५५ नॅनोमीटर तरंगलांबीचं अलेक्झांड्राइट गोऱ्या कातडीला चालतं, आपल्यासारख्यांना १०६४ वालं एनडी-याग जास्त सुरक्षित, ते खोल जातं आणि वरच्या मेलॅनिनमध्ये कमी अडकतं. मधलं ८१० च्या आसपासचं डायोडही चालतं पण कूलिंग नीट हवं आणि पॉवर बेताची. माझ्यावर कोणतं वापरलं हे आजतागायत मला माहीत नाही! काही ठिकाणी तर आयपीएल मारतात आणि नाव लेझरचं सांगतात, तो लेझर नव्हेच, अनेक तरंगलांबींचा फ्लॅश असतो तो.

आजीला वाटतं लेझरने कॅन्सर होतो. तसं नाही, हा एक्स-रेसारखा किरण नसतो. पण तिळावर तपासल्याशिवाय मारू नये, तो तीळ साधा नसला तर निदान लांबतं. डोळ्यांचं मात्र खरंच भ्यायचं, १०६४ चा प्रकाश दिसत नाही पण पडद्यापर्यंत पोचतो, म्हणून त्याच मशीनच्या तरंगलांबीचा गॉगल पेशंटला आणि चालवणाऱ्याला दोघांना पाहिजे. भुवयांच्या खालच्या बाजूला लेझर करून घेऊ नका, कोणी कितीही आग्रह केला तरी. माझ्या वेळी त्या मुलीने गॉगल कपाळावर चढवलेला, घाम येतो म्हणे.

आणि ते बधिर करायचं क्रीम. मैत्रिणीला सेंटरवाल्यांनी सांगितलं घरूनच दोन्ही पायांना थापून प्लास्टिक गुंडाळून ये. त्यात लिडोकेन हे बधिर करणारं औषध असतं, मोठ्या भागावर लावून झाकलं की रक्तात उतरतं, झटके येऊ शकतात, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. अमेरिकेत लेझरच्या आधी असंच क्रीम लावलेल्या दोन तरुणी दगावल्या आणि २००७ मध्ये तिथल्या एफडीएने म्हणजे औषध नियामक संस्थेने त्यावर जाहीर इशारा दिला. आपल्याकडे क्रीम थापून या एवढं व्हॉट्सॲपवर दोन ओळीत सांगून मोकळे.

"कायमचे केस जातील" हेही अर्धवटच आहे, कायमची घट होते एवढंच खरं. पीसीओडी म्हणजे हार्मोन्सच्या बिघाडाचा त्रास असेल तर हनुवटीवर नवे येतच राहतात, मग सिटिंगवर सिटिंग.

मी लेझरच्या विरोधात नाही हो. डाग फिके व्हायला आठ महिने गेले, सनस्क्रीन न चुकता, आणि त्यानंतर त्याच डॉक्टर बाईंकडे एनडी-यागवर पुन्हा करून घेतलं, आधी कोपराजवळ छोटा पॅच मारून काही दिवस वाट बघून. काही झालं नाही. पैसे दुप्पट गेले ते सोडा. लग्नात मात्र डॉक्टरांनी हातावर मेंदीसुद्धा काढू दिली नाही, फक्त तळव्यांवर, आणि ब्लाऊजच्या बाह्या मनगटापर्यंत, त्या मे महिन्यात.

तुम्हाला एकच विनंती, जाहिरात घेताना डॉक्टर कोण आणि नोंदणी क्रमांक काय एवढं विचारा आणि तो जाहिरातीत छापा, म्हणजे कोणालाही महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे पडताळून बघता येईल. नसेल देत तर "साइड इफेक्ट शून्य" ही ओळ तरी कापा.

माझं नाव छापू नका प्लीज. सासरी पोळ्या करताना भाजलं असं सांगितलंय, दोन्ही हातांना एकसारखं कसं भाजलं हे अजून कोणी विचारलेलं नाही.

आपली एक वाचक,
इंदिरानगर, नाशिक