बंड्या, तो इंदूरवाला बग माझा होता

प्रिय बंड्या,

दोन वर्षं झाली ना रे बोलून? व्हॉट्सअ‍ॅपवर वाढदिवसाचे केक ढकलले ते धरू नकोस. तब्येत ठीक, बीपीची गोळी अर्ध्याची एक झाली, गुडघा कुरकुरतो, संपलं. फोनच करणार होतो, पण तू मधेच हसशील आणि मी विषय बदलून मोकळा होईन, म्हणून बसून टाइप करतोय.

मी मार्चपासून रस्ट ही नवी प्रोग्रॅमिंग लँग्वेज शिकतोय. हस. नावच गंज, म्हणजे आपल्यासारख्यांसाठीच काढलेली दिसते. आमच्याकडे फर्मान निघालं की नवीन मॉड्यूल आपल्या जुन्या सी लँग्वेजमध्ये लिहायचं नाही, आणि मीटिंगमध्ये स्लाइडवर स्लाइड, मायक्रोसॉफ्टच्या सिक्युरिटीच्या भोकांपैकी ७० टक्के मेमरीच्या घोळामुळे, २०२४ मध्ये व्हाइट हाऊसनेसुद्धा त्यावर रिपोर्ट काढला, लिनक्सच्या गाभ्याने, कर्नलनेही २०२२ मध्ये ६.१ व्हर्जनपासून रस्टला दार किलकिलं केलंय वगैरे. मी मागे बसून मनात म्हणतोय, ज्यांना पॉइंटर, म्हणजे मेमरीतले पत्ते, सांभाळता येत नाहीत त्यांनी शिका, मी १९९७ पासून सांभाळतोय. तुला माझा तो चेहरा माहितीये. मास्तर ज्याला 'सुपारी खाल्लेला चेहरा' म्हणायचे.

पहिले दोन महिने काय हाल झाले विचारू नकोस. फंक्शनच्या शेवटच्या ओळीला सेमीकोलन टाकला की यात व्हॅल्यू परतच जात नाही, आणि माझं बोट तर आपोआप तिथे पडतं, अठ्ठावीस वर्षांची सवय. कंपायलर, म्हणजे कोड तपासून मशीनच्या भाषेत नेणारा तो प्रोग्रॅम, सौजन्याने सांगतो की हा सेमीकोलन काढा. दिवसातून वीस वेळा. शेवटी मी त्याला मोठ्याने शिवी दिली तर ही स्वयंपाकघरातून बाहेर आली, तिला वाटलं पुन्हा सोसायटीच्या ग्रुपवर भांडतोय.

लिफ्टवरून आठवलं (भांडण लिफ्टचंच होतं, तीन आठवडे बंद, आम्ही सहाव्या मजल्यावर). ही लँग्वेज ज्याने सुरू केली तो ग्रेडन होअर, त्याच्या व्हँकूव्हरच्या बिल्डिंगची लिफ्टसुद्धा २००६ मध्ये सॉफ्टवेअर क्रॅश होऊन बंद पडली होती आणि गडी एकविसाव्या मजल्यावर राहायचा. जिने चढता चढता त्याच्या डोक्यात आलं की साधी लिफ्ट न पडता चालेल असं सॉफ्टवेअर आपल्याला लिहिता येत नाही? आणि घरी जाऊन लॅपटॉप उघडला. मी सहा मजले चढून फक्त सेक्रेटरीला मेसेज टाकतो. असो.

मुख्य भानगड म्हणजे उसनवारी. डेटाचा मालक एकच, बाकीच्यांनी उसना घ्यायचा. नुसता वाचायला कितीही जणांनी घ्या, पण कुणी बदलायला घेतला की त्या वेळी दुसऱ्या कुणाच्या हातात तो असता कामा नये. आपल्या टपरीवरच्या पेपरसारखं, बातम्या पाच डोकी एकदम वाचायची पण शब्दकोडं तुझ्या हातात गेलं की बाकीच्यांनी तोंड बंद ठेवायचं. हे कंपायलर आधीच तपासतो, प्रोग्रॅम चालायच्याही आधी. मला ते जमेना म्हणून मी दिसेल तिथे क्लोन मारत सुटलो, म्हणजे प्रत्येकाला पेपरची झेरॉक्स. मग रिव्ह्यूमध्ये ती आमची नवी मुलगी, माझ्या पोरीपेक्षा दोन वर्षांनी लहान, फार नम्रपणे लिहिते, 'सर, इथे क्लोनची गरज आहे का?' बंड्या, त्या 'सर'ने जितकं लागलं ना तितकं टकल्याच्या शिव्यांनी कधी लागलं नव्हतं. पोरगा वर म्हणतो एआय लिहून देतो की सगळं, तुम्ही कशाला शिकताय. त्याला काय उत्तर देणार.

आता खरी गोष्ट. गेल्या रविवारी म्हटलं काहीतरी ओळखीचं लिहू, म्हणजे हात बसेल. म्हणून आपलं जुनं सेशन टेबल, चालू फोन कॉलच्या नोंदी ठेवणारं, आठवून आठवून लिहायला घेतलं, माझं लाडकं टेबल, २५६ नोंदींचं, भरलं की आपोआप मोठं होणारं. चालू कॉलची नोंद हातात धरायची, फॉरवर्ड झाला की नवीन नोंद टेबलात घालायची आणि मग हातातल्या जुन्या नोंदीत नव्याचा नंबर लिहायचा. डोळे मिटून लिहिलं. कंपायलर म्हणाला नाही. एरर ई०४९९, एकाच वेळी दोनदा बदलायला उसनं घेताय. मी चिडून अर्धा तास त्याच्याशी वाद घातला. मग कागद घेतला आणि सीमध्ये नेमकं काय होतं ते चौकोन काढून बघायला लागलो.

अरे, टेबल भरलं की रिअलॉक, म्हणजे सीचं मेमरी वाढवून देणारं फंक्शन, बरेचदा नवीन जागा शोधतं आणि सगळं तिकडे हलवतं. माझ्या हातातला पॉइंटर जुन्याच पत्त्यावर. म्हणजे भाडेकरू घर सोडून गेला आणि मी त्याची पत्रं अजून तिथेच टाकतोय, तिथे आता दुसराच कुणीतरी राहतो.

कळलं ना तुला?

२००१, दिवाळीच्या आधीचा आठवडा. लॅबमध्ये चाळीस लाइनी, टेबल कधी भरलंच नाही. इंदूरला संध्याकाळी गर्दीच्या वेळी आपलं सॉफ्टवेअर पडायचं. आणि कोअर डंपमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम पडताना निघणाऱ्या मेमरीच्या नोंदीत, नाव तुझ्या फॉरवर्डिंगच्या फंक्शनचं, कारण घाण मी केली आणि पाय तुझा पडला. आणि मी सगळ्यांसमोर म्हणालो, 'बंड्याचा कोड मेमरी तुडवतो.' शब्द आठवतात मला. तुलाही आठवत असणार. तू दिवाळी इंदूरला त्या रॅकसमोर काढलीस, मी इथे फराळ केला. मग कुणीतरी टेबल १०२४ चं केलं, पडायचं थांबलं, आणि तुझ्या अप्रेझलमध्ये काय ते लागलं. तेव्हा तू टेबलाकडे बघ म्हणाला होतास. मी म्हणालो टेबलाला हात लावायचा नाही.

माफी वगैरे लिहून बघितली, तीन वेळा पुसली. चूक झाली रे. चुकीपेक्षा तो आवाज, तो माज, त्याची जास्त लाज वाटते.

आणि रात्री झोप लागत नाही ती वेगळ्याच कारणाने. ती पद्धत मी नंतर प्रत्येक नोकरीत वापरलीये. ज्युनिअरना शिकवलीये, फळ्यावर चौकोन काढून. कुठे कुठे चालू असेल अजून, आणि तिथे कुणाच्या नावावर खपत असेल? सोमवारी त्या मुलीला सगळं सांगितलं (तुझं नाव न घेता). ती म्हणाली, 'सर, पण तेव्हा कंपायलर सांगत नव्हता ना.' कंपायलर नव्हता सांगत, तू सांगत होतास.

बरं, काकूंचं ऑपरेशन नीट झालं असं तुझ्या भावाकडून कळलं. धाकटीला कुठे अ‍ॅडमिशन मिळाली? कॉलेजात अजून शिकवतोस की सोडलंस? यातलं आधी विचारायला हवं होतं, माहितीये.

एक काम कर. इंदूरला तू ती निळी वही ठेवायचास, दर तासाला आकडे लिहायचास आणि मी तुला तलाठी म्हणायचो. असेल तर माळ्यावरून काढ आणि पडायच्या आधी चालू कॉल किती होते ते बघ. २५६ च्या आसपास असणार असं मी म्हणतोय, पण या बाबतीत माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवू नकोस. आकडा कळव.

तुझा,
जाड्या