दोष काडतुसाचा की हलक्या चापाचा?

संपादक महोदय,

आपल्या क्रीडा पुरवणीत अमेरिकेतल्या रिव्हॉल्व्हर नेमबाजीवर आलेल्या लेखात, ऐन स्पर्धेत बार फुसका जाण्याचं सगळं खापर ‘घरी भरलेल्या काडतुसां’वर, म्हणजे वापरलेल्या पुंगळ्यांत नवी दारू-गोळी घालून बनवलेल्यांवर, फोडलं आहे. हे अर्धंच खरं आहे. पुष्कळदा बिघाडाची सुरुवात चाप हलका करण्याच्या हौसेतून होते.

डबल अ‍ॅक्शनमध्ये चाप ओढला की काडतुसांचा सिलिंडर फिरतो, घोडा (काडतुसावर ठोका देणारा भाग) मागे जातो आणि सुटतो. सगळं एकाच ओढीत. कारखान्यातून आलेल्या रिव्हॉल्व्हरला त्यासाठी साधारण साडेचार ते साडेपाच किलोंचा जोर लागतो. स्पर्धकांना तो तीन-साडेतीन किलोंवर आणायचा असतो. स्मिथ अँड वेसनच्या मोठ्या बांध्याच्या रिव्हॉल्व्हरमध्ये मुठीच्या पुढच्या बाजूला, मुख्य स्प्रिंगवर दाब देणारा एक स्क्रू असतो. तो थोडा ढिला केला की चाप लगेच हलका लागतो, पण घोड्याचा ठोकाही तितकाच मरतो. त्यात डबल अ‍ॅक्शनमध्ये घोडा सिंगल अ‍ॅक्शनइतका, म्हणजे आधी अंगठ्याने चढवल्यावर जातो तितका, मागे जातच नाही. म्हणून अंगठ्याने घोडा चढवून झाडलं तर सगळे बार उडतात आणि नुसता चाप ओढून झाडलं की मध्येच एखादा राहतो. हा स्क्रू पूर्ण आवळलेलाच हवा. ढिला ठेवला तर हादऱ्यांनी आणखी सुटत जातो. चाप हलका हवा असेल तर जाणत्या कारागिराकडून आतले घासणारे भाग साफ करून घ्यावेत आणि योग्य स्प्रिंग बसवून घ्यावी.

आता काडतुसाकडे. हलक्या ठोक्यालाही पेटतात म्हणून बरेच रिव्हॉल्व्हरवाले फेडरल कंपनीचे प्रायमर (पुंगळीच्या बुडात बसवायची, ठोक्याने पेटणारी टोपी) पसंत करतात. पण प्रायमर कोणताही असो, तो पुंगळीच्या बुडातल्या खोबणीच्या तळाशी टेकेपर्यंत बसवावा लागतो: बुडाच्या पृष्ठभागापासून इंचाचे तीन ते पाच सहस्रांश, म्हणजे सुमारे ०.०८ ते ०.१३ मिलिमीटर आत. वर राहिला तर घोड्याचा जोर तो आत ढकलण्यातच खर्च होतो आणि ठिणगी पडत नाही. तपासणी सोपी आहे. पुंगळी सपाट काचेवर उभी करायची. डगमगली तर प्रायमर वर आहे. असा प्रायमर सिलिंडरमागच्या पोलादालाही घासतो आणि सिलिंडर जड फिरतो. प्रायमरवर खड्डा नीट खोल असून दुसऱ्या ठोक्याला बार उडाला, तर बहुधा प्रायमर पूर्ण बसलेला नव्हता. खड्डाच उथळ असेल तर स्प्रिंगकडे बघा. मात्र बार फुसका गेल्यावर लगेच पुन्हा चाप ओढू नये. नळी लक्ष्याकडेच ठेवून ३० सेकंद थांबावं. चाप ओढला की संशयित काडतूस नळीसमोरून सरकतं आणि तिथे ते उशिरा पेटलं तर काय होईल, ते सांगायला नको.

लेखातून निसटलेला खरा धोका वेगळाच आहे. पॉइंट थ्री एट स्पेशल या रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाची पुंगळी बंदुकीच्या जुन्या काळ्या दारूच्या जमान्यातली, म्हणून ऐसपैस. १४८ ग्रेनच्या, म्हणजे साडेनऊ ग्रॅमच्या, सपाट तोंडाच्या वॉडकटर गोळीमागे आजची जलद जळणारी दारू इतकी थोडी लागते की चुकून दोनदा पडली तरी पुंगळी उतू जात नाही. गोळी बसली की बाहेरून काही कळत नाही. यासाठी ५० पुंगळ्या लाकडी ठोकळ्यात उभ्या करून, गोळी बसवण्याआधी प्रत्येकीत विजेरीने डोकावून बघणं याला पर्याय नाही. काडतुसं भरणाऱ्या यंत्राच्या इशारा-घंटीवर विसंबू नये. उलट दारू पडलीच नाही, तर एकटा प्रायमर गोळी नळीत अडकवतो. आवाज नेहमीपेक्षा दबका आला की थांबायचं, रिव्हॉल्व्हर रिकामं करायचं आणि नळी तपासायची. दारूची मापं इथे मुद्दाम देत नाही. ती उत्पादकाच्या ताज्या तक्त्यातूनच घ्यावीत.

रिकाम्या पुंगळ्या काढताना नळी आकाशाकडे करून पुंगळ्या बाहेर ढकलणारी दांडी एका दमात दाबावी. नळी खाली असेल तर न जळलेल्या दारूचे कण ताऱ्याच्या आकाराच्या उत्सर्जकाखाली (दांडीने पुंगळ्या उचलणारा भाग) जाऊन बसतात, तारा पुरता मिटत नाही, सिलिंडर अडतो आणि दोष पुन्हा काडतुसावर जातो! एक जुना टूथब्रश खिशात असला की भागतं.

एक दुरुस्ती भारतासंदर्भातही हवी. राही सरनोबत यांच्या २५ मीटर पिस्तूल प्रकारातलं पॉइंट टू टू काडतूस घरी पुन्हा भरायचा प्रश्नच नसतो. त्यात स्वतंत्र प्रायमर नसतो, पेट घेणारं मिश्रण पुंगळीच्या कडेतच असतं. भरता येण्याजोगी काडतुसं सेंटर फायरची (बुडाच्या मध्यभागी स्वतंत्र प्रायमर असलेली), म्हणजे जसपाल राणा यांनी २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत ५९० गुण मिळवले त्या प्रकारातली. पण आपल्याकडे शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय काडतूस बनवता येत नाही. लेखात ‘हौशींनी हे करून पाहावं’ असं सुचवलं आहे, तिथे ही ओळ छापायला हवी होती.

– एक नेमबाज वाचक, टेक्सास