डाव्या हाताचं काय करू?

तीर्थरूप आई-बाबांना,
सा. नमस्कार.

बाबा, आधी हसून घ्या. वयाच्या ४५व्या वर्षी मी सिंथेसायझर शिकतेय. आई, तुला फोनवर बोलले नाही, कारण तू लगेच "वाजवून दाखव" म्हणाली असतीस आणि दाखवण्यासारखं अजून काही नाही.

आपली पेटी साडेतीन सप्तकांची, हा पाच सप्तकांचा, ६१ पट्ट्या. उजव्या हाताचं कसंबसं निभतं. तर्जनी आणि मधल्या बोटावर अख्खं भजन काढायची तुमच्याकडून लागलेली सवय मात्र मोडावी लागली. इथे सा रे ग झालं की अंगठा बोटांखालून सरकवून मध्यमावर आणायचा. माझा तिथे हटकून अडतो, दारात चपला शोधणाऱ्या पाहुण्यासारखा.

खरं दुखणं डावा हात. लहानपणी पेटीवर त्याने फक्त भाता मारला. आता त्याने सा-ग-प एकदम दाबून धरायचे आणि उजव्याने भलतंच काही वाजवायचं! एक अडखळला की दुसराही थांबतो. हेडफोन लावून बसते, त्यामुळे घरात ऐकू येते ती नुसती पट्ट्यांची टकटक. जावईबापू विचारतात, भाजी चिरतेयस का?

ट्रान्सपोज, म्हणजे सगळे सूर एकदम वर सरकवायची सोय, तीनवर ठेवला की बोटं पांढरी एकवरच, सूर मात्र तुमच्या काळी दोनचा. लबाडी आहे, मान्य. पण करते.

त्यातला तयार पेटीचा आवाज पत्र्यासारखा वाटला, म्हणून रविवारी स्वतःच जुळवत बसले. आवाजाची करवतीच्या दात्यांसारखी लहर घेतली, तिच्यात मूळ सुरासोबत उमटणारे वरचे सगळे उपस्वर असतात. फिल्टरने टोचरेपणा कापला. अटॅक, म्हणजे सूर पुरता उमटायला लागणारा वेळ, जरासा वाढवला, कारण पेटीच्या रीडलाही बोलायला क्षणभर लागतोच. तरी जीव येईना. मग डावीकडचं मॉड्युलेशनचं चाक फिल्टरला जोडलं. पुढे ढकललं की सूर उघडतो, मागे घेतलं की मिटतो. बाबा, डाव्या हाताला काही शिकवावंच लागलं नाही!

आता अडलंय ते आपल्या पेटीच्या मधल्या सप्तकातल्या धैवतावर. तो किंचित उतरलाय, इथेही तसाच हवाय, पण नेमका किती ते कानात बसलेलं नाही. आई, दुपारी बाबा आडवे व्हायच्या आत फोन पेटीजवळ ठेव आणि त्यांना तो धैवत दहा सेकंद धरायला सांग. पंखा तेवढा बंद कर.

तुमची,
थोरली