बाबा, एफडी मोडू नका

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

बाबा, दादाकडून तुमचा निरोप मिळाला. तिला शोभेच्या माशांच्या दुकानासाठी स्टेशनजवळ गाळा बघायला सांग, डिपॉझिटचं मी बघतो, पतपेढीतली एफडी मार्चमध्ये सुटतेच आहे, असं तुम्ही त्याला म्हणालात. फोनवर मी मुद्दामच विषय काढला नाही. फोनवर तुम्ही "बरं, बरं" म्हणून आईच्या हातात देता आणि चार दिवसांनी आई सांगते की हे मनाला लावून बसलेत. पत्र तुम्ही चष्मा पुसून दोनदा वाचता, म्हणून लिहितेय.

गाळा नको. एफडीही मोडायची नाही. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं निवांत वाचाल.

बांधकाम खात्यात जन्म गेलाय तुमचा, तेव्हा पहिला घोर स्लॅबचा असणार. दोन बाय एक बाय एक फुटाच्या टाकीत काठोकाठ ५६ लिटर पाणी बसतं, म्हणजे ५६ किलो. वर काच, खडी आणि लोखंडी स्टँड. तीन टाक्यांचा रॅक दोनशे किलोच्या वर जातो. म्हणून गॅलरीत एकही टाकी ठेवलेली नाही. ती पुढे काढलेली, तिच्यावर असला भार नको हे तुमच्याकडूनच ऐकत मोठी झालेय. रॅक सगळे घराच्या मागच्या खोलीत, बीमच्या वरच्या भिंतीला लागून. सोसायटीचे सेक्रेटरी येऊन बघून गेले. गळतीचं विचारलं आणि जाताना नातवासाठी गप्पी मासे घेऊन गेले.

कागदपत्रंही झालीत. २०१७ च्या दुकान कायद्यात माझ्यासारख्या छोट्या दुकानाला नोंदणी लागत नाही, ऑनलाइन सूचना दिली की झालं. छोट्या धंद्यांसाठीची सरकारी 'उद्यम' नोंदणी फुकट होते, तीही केलीय. तुम्ही कात्रण पाठवलंत ती मत्स्य संपदा योजना मी नीट वाचली. २०२० पासूनची आहे. परसातल्या शोभिवंत माशांच्या युनिटला तीन लाखांपर्यंत खर्च धरतात आणि बायकांना त्यावर ६० टक्के अनुदान. पण ती परसात टाक्या बांधून मासे वाढवणाऱ्यांसाठी आहे, दुकानासाठी नाही. डोंबिवलीत दुसऱ्या मजल्यावर परस कुठून आणू? आणि दापोलीच्या परसात तुम्ही या वयात टाक्या बांधायचं मनात आणू नका. दादा म्हणाला, तुम्ही शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात कोणाला तरी फोन करणार होतात. एवढ्यात नको.

आता गाळा का नको ते. माल मी कुर्ल्याहून आणते. रविवारी सकाळी लोकलला गर्दी कमी, थर्माकोलचा बॉक्स मांडीवर घेऊन बसता येतं. कुर्ल्याला बहुतेक मासे कोलकात्याहून येतात, काही चेन्नईच्या कोळत्तूरहून. पिशवीत एक भाग पाणी आणि दोन भाग ऑक्सिजन भरून विमानाने, गाडीने, मग हातगाडीवर, मग माझ्याकडे. एवढा प्रवास झालेला मासा वरवर तुकतुकीत दिसतो आणि चार दिवसांनी अंगावर पांढरे ठिपके घेऊन येतो. म्हणून आणलेला लॉट मी दोन आठवडे वेगळ्या टाकीत ठेवते, लागलं तर मीठ आणि औषध देते, आणि जगून खायला लागला की मगच विकते. गाळेवाल्याला हे परवडत नाही. रविवारी आणलेला मासा त्याला रविवारीच विकायचा असतो, कारण महिन्याच्या एक तारखेला भाडं उभं असतं. त्याला मी दोष देत नाही. त्याच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं, म्हणून तर त्याच्या जागी जायचं नाही.

मागे एक काका आले होते. वास्तूवाल्याने सांगितलेलं, ईशान्येला नऊ गोल्डफिश ठेवा, आठ सोनेरी आणि एक काळा. हातात काचेचा वाडगा, आपला श्रीखंडाचा असतो त्याहून जरासा मोठा. मी म्हटलं, काका, या वाडग्यात एकही गोल्डफिश राहणार नाही. नीट ठेवला तर हा मासा वीतभर होतो आणि दहा वर्षं सहज जगतो. ते म्हणाले, मेला तर दुसरा आणू, मेला म्हणजे घरावरची पीडा घेऊन गेला. आमच्या धंद्यात ही समजूत फार सोयीची आहे हो बाबा. मासा मारणारं गिऱ्हाईक आनंदाने परत येतं.

पीडा असते ती अमोनियाची. मासा कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया सोडतो, तो पाण्यात साठला की त्याचे कल्ले जळतात. खडीवर आणि फिल्टरच्या स्पंजवर एका जातीचे जिवाणू वाढतात, ते अमोनियाचं नायट्राइट करतात. तेही विषारीच. मग दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, ते बऱ्यापैकी निरुपद्रवी. नव्या टाकीत हे जिवाणू नसतात. त्यांची वस्ती बसायला महिना-दीड महिना लागतो. लोक शनिवारी टाकी घेतात, शनिवारीच वीस मासे सोडतात, आठवड्याने पाणी गढूळ दिसलं की टाकी साबणाने घासतात आणि होते नव्हते ते जिवाणूही धुऊन टाकतात. मी टाकी आधी देते आणि मासे नंतर. टाकीबरोबर माझ्या चालू फिल्टरमधला स्पंजाचा तुकडा फुकट, म्हणजे विरजण लावून दिल्यासारखं. निम्मी गिऱ्हाइकं वैतागून निघून जातात. जातात त्यांना जाऊ देता येतं, कारण मागच्या खोलीला भाडं नाही. काकांनाही जाऊ दिलं.

आता हिशेबाची ओळ, ती आईला वाचून दाखवताना गाळू नका. गप्पीची जोडी ४० रुपयांना जाते, त्यात मेलेल्यांचं वजा केलं तर हाती फारसं काही उरत नाही. माशांच्या विक्रीतून माशांचा, खाण्याचा आणि विजेचा खर्च निघतो, एवढंच. पैसे मिळतात ते दुसऱ्यांच्या टाक्या सांभाळण्यात. दोन दवाखाने, एक शाळा आणि काही घरं माझ्याकडे आहेत. शनिवार-रविवारी जाऊन तिसरा हिस्सा पाणी बदलायचं, काच पुसायची, फिल्टर टाकीतल्याच पाण्यात पिळायचा. महिन्याकाठी सहा-सात हजार सुटतात, ठाण्याच्या ऑफिसचा पगार वेगळा. स्टेशनजवळच्या गाळ्याचं भाडंच पंचवीस हजारांच्या पुढे सांगतात, वर दिवसभर बसायला पोरगा. म्हणजे नोकरी सोडायची आणि वाडगेवाल्या काकांना हसून या म्हणायचं.

गाळ्यात अजून एक भानगड असते, ती म्हणजे गिऱ्हाईक मागेल ते ठेवावं लागतं. मी कासवं ठेवत नाही. स्टार कासव तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंदच आहे, तरी लोक दबक्या आवाजात विचारतात. सकर मासा ठेवत नाही. काच साफ करतो म्हणून बोटाएवढा विकतात आणि तो दीड फुटाचा होतो. मग लोक पुण्य म्हणून तलावात नेऊन सोडतात. पूर्व कोलकात्याच्या पाणथळीत, आपल्या उजनीतसुद्धा, हा दक्षिण अमेरिकेचा मासा जाळ्यात येतो आणि काटेरी परांनी जाळी फाडतो. कोणाकडे वाढलेला असला तर मी परत घेते, पण नवा विकत नाही. आणि एक "मिस केरळ" म्हणून मासा आहे, अंगावर काळी रेघ आणि वर लाल. केरळातल्या घाटाच्या ओढ्यांतला. बाबा, तुम्हाला आवडेल, २०१३ साली शास्त्रज्ञांनी त्याच्या वंशाला (जीनसला) "सह्याद्रिया" नाव दिलं. परदेशी हौशी लोकांसाठी इतका पकडला की ओढ्यांतून कमी झाला. टाकीत पैदास केलेला मिळाला तरच घेते.

आई, तू विचारलंस की दिवसभर नोकरी करून आल्यावर परत हा उपद्व्याप कशाला. तुला तारापोरवाला मत्स्यालय आठवतं? तिथे एका सुंदर माशासमोर उभी राहून तू मोठ्याने विचारलं होतंस, ह्याचं कालवण होतं का गं. मला तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. आता वाटतं, तू तरी मासा म्हणून बघत होतीस, बाकीचे फक्त रंग बघत होते. मला यात काय मिळतं ते सांगायचं तर, ऑफिसात महिनाभर कागद हलवून काय झालं ते दिसत नाही. इथे संध्याकाळी सातला दार उघडलं की टाकी सांगते, आज बरं आहे की नाही. मासे वर येऊन तोंड मारत असले तर ऑक्सिजन कमी. मे महिन्यात तसं होतंच. २५ अंशांच्या पाण्यात लिटरला सव्वाआठ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३२ अंशांना सव्वासातच. त्यात वीज गेली की बॅटरीवरचे पंप लावायला मी आणि ओवी धावतो. ओवीला मोजणी तोंडपाठ झालीय. गणिताचं पुस्तक उघडायला रडते, पण पाण्यातलं नायट्राइट पट्टीवर वाचून वहीत लिहिते.

पावसाळ्यात मात्र नळाच्या पाण्याला क्लोरीनचा भपका येतो. मग पिंपात साठवून क्लोरीन मारायचं औषध घातल्याशिवाय थेंबही टाकीत जात नाही. आणि आपलं पाणी मऊ, एंजल आणि टेट्रा माशांना ते मानवतं, मॉलीला नाही, तिला थोडं जड लागतं. त्यावर उपाय तुझ्याच घरातून आणलाय. गेल्या मे महिन्यात तिसऱ्या केल्या होत्यास, त्यांच्या शिंपल्या मी उकळून, घासून, कुटून मॉलीच्या फिल्टरमध्ये घातल्यात. चुनखडीच ती, हळूहळू विरघळते. मॉल्या मस्त आहेत, पिल्लं झालीत.

तेव्हा बाबा, एफडी सुटली की ती आईच्या मोतीबिंदूला आणि उरलेली परत एफडीला. मला द्यायचंच असेल तर दुसरं काहीतरी मागते.

विहिरीजवळच्या देशी बदामाची पानं पाठवा. आई, तू ती झाडून बंबात घालतेस ना, ती. इथे तीच पानं ऑनलाइन दहा-दहाची पाकिटं करून शंभराच्या वर विकतात. फायटर मासा मूळचा थायलंडकडच्या उथळ, पाला कुजलेल्या पाण्यातला. पान टाकलं की पाण्याला चहासारखा रंग येतो, आम्लता थोडी वाढते आणि फायटर खुलतो, घरटं करायला लागतो. हिरवी नकोत, पिवळीही नकोत. आपोआप गळलेली, पूर्ण तपकिरी झालेली. शेजारच्या कलमांवर फवारणी झाली असेल तर त्या आठवड्यातली सोडून द्या. साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवायची, कुरकुरीत झाली की वर्तमानपत्रात गुंडाळून गोणत्यात भरायची आणि दादा येईल तेव्हा त्याच्याबरोबर, नाहीतर एसटीच्या पार्सलने. तुम्ही दोघांनी वाकून वेचू नका. वाडीतल्या पोरांना सांगा, गोणत्यामागे पन्नास रुपये माझ्याकडून.

ऑपरेशनची तारीख ठरली की लगेच कळवा, मी आठवडाभर रजा टाकून येते. दुकान बंद ठेवीन. मोठे मासे आठवडाभर उपाशी राहिले तरी त्यांना काही होत नाही. प्रशांतचं तसं नाही, त्याच्यासाठी डबा लावून येईन.

तुमची,
मनू