टीसडेलची निळी फुले

डरहॅम,
२६ मे

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

"एवढ्या गारठ्यात फुलं कसली बघायला जातेस?" असे बाबांनी परवा विचारले आणि फोनवर त्याचे उत्तर मला नीट देता आले नाही, म्हणून हे पत्र.

शनिवारी मी अपर टीसडेलच्या राखीव क्षेत्रात माहितगाराबरोबर निघालेल्या पायी फेरीत होते. आम्ही नऊ जण होतो. वाट दाखवणाऱ्या बाईंनी निघतानाच बजावले की दृश्य उभे राहून पाहा आणि चालताना फक्त पायाखाली पाहा. काऊ ग्रीन जलाशयाजवळून चालू लागलो तेव्हा आभाळ गच्च भरलेले होते आणि वारा कानात शिरत होता. ज्याच्यासाठी आलो ते स्प्रिंग जेन्शियन, म्हणजे ब्रिटनमध्ये फक्त याच भागात रानात उगवणारे निळे फूल, ऊन नसले की मिटून बसते. बाईंनी बोट दाखवले त्या जागी मला आधी नुसते गवत दिसले. गुडघे टेकून वाकले तेव्हा कुठे पीळ दिलेल्या वातीएवढी एक मळकट निळी कळी सापडली. खरे सांगायचे तर मी खट्टू झाले.

थांबलो त्या वेळात बाईंनी तिथली माती तळहातावर घेऊन दाखवली. ती जाड्या साखरेसारखी होती. सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी खालून तप्त शिलारस घुसला, त्याच्या धगीने इथला चुनखडक भाजला गेला आणि आता तो दाण्यादाण्याने सुटतो. त्याला शुगर लाइमस्टोनच म्हणतात. अशा कोरड्या, निकस जमिनीत दांडगे गवत माजत नाही, उरलेले मेंढ्या खुडतात, आणि म्हणून हिमयुग सरल्यानंतरच्या काळातली ही ठेंगणी झाडे, जी इतरत्र झाडीच्या सावलीत संपली, ती इथे तगून राहिली. मेंढ्यांना मी फुलांचे शत्रू समजत होते!

अर्ध्या तासाने ढग फाटले. पाहता पाहता त्या वातीचा पीळ सुटला आणि पाच पाकळ्या सपाट उघडल्या, मधोमध पांढरा ठिपका. तो निळा रंग फोटोत उतरत नाही, म्हणून फोटो पाठवत नाही. मग नजर बसली आणि हातभर अंतरावर आणखी दहा-बारा फुले दिसली, त्यांच्यात बर्ड्स-आय प्रिमरोजचे गुलाबी झुबकेही होते. १९८१ च्या कायद्याने हे जेन्शियन तोडणे गुन्हा आहे, पण तिथे कुणाचा हात पुढे झालाच नसता.

एक गोष्ट मात्र मनाला लागली. ज्या जलाशयाच्या काठाने आम्ही आलो, तो टीस नदीच्या मुखाकडच्या कारखान्यांना पाणी पुरवण्यासाठी बांधला गेला. वनस्पतिशास्त्रज्ञांनी कडाडून विरोध केला, तरी १९६७ मध्ये संसदेने मंजुरी दिली, आणि १९७१ पर्यंत धरण पुरे होऊन याच साखरी जमिनीचा काही भाग पाण्याखाली गेला. बाईंनी हे सांगितले तेव्हा त्यांचा आवाज चढला नाही. त्या फक्त पाण्याकडे पाहत राहिल्या.

ही फुले जूनच्या मध्यापर्यंतच असतात, तेव्हा पुढच्या वर्षी यायचे ते मे महिन्यातच या. बाबांनी आपले भिंग आठवणीने आणावे. आमच्या नऊ जणांत एकच फिरत होते आणि माझी पाळी येईपर्यंत पुन्हा ढग आले.

तुमची,
धाकटी